दोन नंबरच्या टाकीची पट्टी

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी पट्टी आहे. दोन हात लांब, अंगठ्याएवढी रुंद, अंगाला काळा रंग. एका गुरुवारी मला दिवसातून चार वेळा टाकीत बुडवले गेले आणि त्यानंतर चार दिवस मला कोणी हातही लावला नाही. त्या गुरुवारपासूनच सांगते.

गुरुवारी टाक्यांची राखण करणाऱ्या काकू नेहमीसारख्याच आल्या. त्यांनी स्वेटर चढवला, कोपरापर्यंत येणारे जाड हातमोजे घातले, तोंडापुढे पारदर्शक मुखवटा ओढला आणि खुंटीवरून मला काढले.

"चल गं, आंघोळीला," त्या म्हणाल्या. एकोणीस वर्षे रोज हेच म्हणत होत्या.

माझी आंघोळ तुमच्यासारखी नसते. आमच्या खोलीत माणसाच्या छातीपर्यंत येणाऱ्या दोन टाक्या आहेत. त्यांत द्रव नायट्रोजन असतो. तो शून्याखाली एकशे शहाण्णव अंश इतका थंड असतो. त्यात बोट बुडवले तर ते बोट राहत नाही. त्या द्रवात धातूच्या उभ्या मांडण्या सोडलेल्या असतात आणि मांडणीच्या प्रत्येक कप्प्यात चपट्या डब्या. डबीत एक पिशवी, आणि पिशवीत एका बाळाच्या नाळेतले रक्त.

बाळ जन्मले की नाळ कापतात. नाळेत आणि वारेत वाटीभर रक्त मागे उरते. पूर्वी ते सरळ टाकून देत असत. मग लोकांना कळले की नवे रक्त तयार करणाऱ्या पेशी त्यात असतात, आणि कुणाचे रक्त बिघडले असेल तर या पेशी त्याच्या अंगात जाऊन नव्याने संसार मांडू शकतात. म्हणून अशा पेढ्या निघाल्या. आमची पेढी दानाची आहे. आई आपल्या बाळाच्या नाळेचे रक्त देते, आणि ज्याच्याशी ते जुळेल त्याला ते जाते.

मूल होऊ घातलेली जोडपी पेढी बघायला येत. काचेपलीकडून टाक्या बघत आणि काकूंना हमखास विचारत, "म्हणजे आमच्या बाळाला पुढे काहीच होणार नाही ना?"

"होईल की," काकू म्हणत. "सर्दी होईल, खोकला होईल, गुडघे फुटतील. हा ताईत नाही हो. रक्ताच्या काही आजारांवर चालतं, तेही जुळलं तर. तुमच्या बाळाला बहुतेक कधीच लागणार नाही. दुसऱ्या कुणाच्या तरी बाळाला लागेल. देणार असाल तर तेवढ्यासाठी द्या."

काही जोडपी हिरमुसून परत जात. जी राहत, ती मनापासून देत.

माझा जन्म एका सुताराच्या पडवीतला. मी कापड मोजायची पट्टी होते. दुकानात माझे एक टोक तुटले म्हणून मला अडगळीत टाकले होते. काकूंनी मला तिथून मागून आणले आणि स्वयंपाकघराच्या ओट्यावर आडवी ठेवून काळा रंग दिला. काळाच का, तर टाकीत तळापर्यंत बुडवून मला बाहेर काढले आणि हवेत दोनदा फिरवले की जिथपर्यंत द्रव असतो तिथपर्यंत माझ्या अंगावर हिमाची पांढरी साय धरते. काळ्यावर पांढरे ठसठशीत दिसते. काकू तिथे बोटे लावून मोजत आणि वहीत लिहीत. भरलेली टाकी म्हणजे तीस बोटे. रोज एक बोट उतरायचे. एवढे साधे काम.

पुढे टाक्यांना तारा आल्या, तारांना पडदा आला आणि पडद्याबरोबर एक गृहस्थ आले. दिवसभर ते पडद्यासमोर बसत, म्हणून काकूंनी त्यांचे नाव पडदेमास्तर ठेवले. माणूस कामाचा, पण त्याला माझे फार हसू यायचे.

"काकू, काठी घालून बघायला ही काय विहीर आहे? इथे बघा, हिरवा दिवा. हिरवा म्हणजे भरलेली."

"तुमच्या पडद्याला थंडी वाजते का हो मास्तर?"

"पडद्याला कशी वाजेल?"

"हिला वाजते. म्हणून हिला विचारते."

सगळे हसत. मग मोठ्या डॉक्टरांनीही सांगितले की रोज मोजायची गरज नाही. काकू तरीही मोजत राहिल्या. पण वही कोणी बघेनासे झाले आणि टाक्यांच्या खोलीत काकूंशिवाय कोणी फिरकेनासे झाले.

त्या गुरुवारी सकाळी दोन नंबरच्या टाकीत मी सत्तावीस बोटे पांढरी झाले. दुपारी पंचवीस. मग चोवीस, आणि संध्याकाळी तेवीस. काकूंनी हातमोजा काढून टाकीच्या अंगावर तळहात ठेवला. तो ओला झाला. टाकीच्या दोन भिंतींमध्ये हवा नसते, म्हणून आतली थंडी आत राहते. ती बाहेर पाझरायला लागली की टाकीला घाम फुटतो.

"मास्तर, दोन नंबर गळतेय."

"हिरवं आहे, काकू."

"तारेच्या टोकाला बर्फ धरला असेल. ती तिथेच अडकलीय."

"मोठे डॉक्टर सोमवारी येताहेत, तेव्हा कानावर घालू. बुधवारी तर गाडी येतेच आहे भरायला."

मास्तरांची घरी जायची वेळ झाली होती. ते गेले. काकूंनी जपून ठेवलेला नायट्रोजनचा राखीव सिलिंडर ओढत आणला आणि सगळाच्या सगळा दोन नंबरमध्ये ओतला. मग बाहेरच्या बाकावर बसल्या. मला मांडीवर आडवी घेतली आणि लेकीला फोन लावला. लेक दुसऱ्या गावी राहायची. तिला सातवा महिना होता.

"जेवलीस का? ... नाही गं, अजून इथेच आहे. दोन नंबरला घाम फुटलाय. अगं टाकीला, मला नाही! ... आता भरली, पण फार दिवस दम धरेल असं वाटत नाही. आणि नेमकी त्या मुलीची पिशवी तिच्यात. मंगळवारी जायची आहे ती. सांगितलं नव्हतं का तुला? सहा वर्षांची आहे. औषधं देऊन तिचं स्वतःचं रक्त बनायचं थांबवलंय डॉक्टरांनी. आता ही पिशवी गेली नाही तर तिला मागे फिरायला वाट नाही. ... ऐकतेस ना?"

पलीकडून 'हं' आले.

"वरच्या कप्प्यात होती ती, चारशे सतरा नंबर. एक नंबरच्या टाकीत हलवायला मोठ्या डॉक्टरांची सही लागते, म्हणून मी आत्ता इथेच शेवटच्या मांडणीत अगदी तळाला ठेवली. तळाशी द्रव शेवटपर्यंत राहतो. मशीनमध्ये नोंद करायची राहिली, मास्तर गेला निघून. उद्या आल्या आल्या करायला लावते. आणि दुसरं म्हणजे, तू कितीही नको म्हणालीस तरी तुझ्या बाळंतपणात मी दोन महिने येऊन राहणार आहे. इथे अजून कुणाला बोलले नाही, उद्या अर्ज देते. एकोणीस वर्षं लोकांच्या बाळांची राखण केली, आता माझ्याच नातवंडाला वेळ नाही म्हणू का? ... बरं, ठेवते. बस चुकेल."

पुन्हा 'हं' आले. काकूंनी मला पुसून खुंटीला लावले.

शुक्रवारी सकाळी कामावर यायला निघालेल्या काकू बसथांब्यावरच्या बाकावर बसल्या, त्या उठल्या नाहीत. लोकांना वाटले, डुलकी लागली आहे. दोन बसगाड्या निघून गेल्या तेव्हा कुणीतरी हाक मारली.

मित्रांनो, लाकडाला डोळे पुसता येत नाहीत, तसे ओरडताही येत नाही. शुक्रवारी पेढीतले सगळे काकूंच्या घरी गेले. शनिवारी जो तो मान खाली घालून बसला. रविवारी सुट्टी. मी खुंटीवर लटकत होते आणि माझ्यासमोर दोन नंबरची टाकी घामाने निथळत होती. मग घामाचा बर्फ झाला. टाकीच्या गळ्याशी पांढरी कडी धरली, ती रोज जाड होत गेली. काचेपलीकडे पडद्यावर हिरवा दिवा शांत होता. तो खोटे बोलत नव्हता बिचारा. बर्फात अडकलेली तार जे सांगत होती तेच तो दाखवत होता. मी मनात बोटे मोजत राहिले. वीस असतील. पंधरा असतील. शेवटी मोजणेही सोडले. मला एकच गोष्ट येते आणि ती कुणीतरी हातात धरल्याशिवाय येत नाही.

सोमवारी दुपारी लेक आली. आईच्या वस्तू न्यायला आली होती. पडदेमास्तरांनी कपाट उघडून दिले. चष्मा, चपला, डबा, अर्धी वापरलेली मलमाची नळी. मग ते आतल्या दारापर्यंत गेले आणि मला खुंटीवरून काढून आणले.

"ही पण त्यांचीच. न्या तुम्ही. इथे आता कोण वापरणार?"

लेकीने मला हातात घेतले. तिचे डोळे कोरडे होते.

"दोन नंबरची टाकी भरली का हो?" तिने विचारले.

"म्हणजे?"

"तिला घाम फुटलाय, असं आई म्हणाली होती. गुरुवारी."

"हो, मलाही म्हणाल्या होत्या. पण काही नाहीये तसं. हे बघा, हिरवं आहे."

"तुम्ही आत जाऊन बघितलंत?"

मास्तरांनी पुन्हा पडद्याकडे बोट दाखवले.

"बघून या ना एकदा."

"ताई, मी समजू शकतो. तुमच्यावर प्रसंगच असा आलाय..."

"माझ्यावर काय आलंय ते मी बघीन. तुम्ही टाकी बघा." आवाज चढला तशी तिने एका हाताने पोट धरले. "नाहीतर मी जाते आत."

"अहो, या अवस्थेत तुम्हाला नाही जाता येत आत!"

"मग तुम्ही जा. ही घ्या."

मास्तर मला घेऊन आत गेले, ते बहुधा तिची समजूत काढायलाच. टाकीच्या गळ्याचा बर्फ दिसला तशी त्यांची पावले अडखळली. झाकण उघडले. मी तळाला टेकले. बाहेर आले. त्यांनी मला हवेत फिरवले.

दोन बोटे.

त्यांनी मला पुन्हा बुडवले, जणू मी चुकले असेन. पुन्हा दोनच.

मग धावपळ झाली ती सांगता येत नाही. मोठे डॉक्टर धावत आले. राखीव सिलिंडर रिकामा निघाला. एक नंबरच्या टाकीत जागा होती, पण एकेक मांडणी उचलून तिकडे न्यायची तर हवेत आलेली प्रत्येक पिशवी क्षणाक्षणाला थंडी गमावणार.

"आधी चारशे सतरा!" डॉक्टर ओरडले.

मास्तरांनी नोंदीप्रमाणे वरचा कप्पा काढला. तो रिकामा होता. मास्तरांचा चेहरा मुखवट्याआडून मला दिसला. एवढा म्हातारा चेहरा मी त्यांच्या खांद्यांवर कधी पाहिला नव्हता.

डॉक्टर काचेकडे वळले. "बाईंनी कुठे हलवली का? तुम्हाला काही बोलल्या होत्या?"

लेक काचेला हात टेकून उभी होती. तिचे ओठ हलले. पुन्हा हलले.

"आठवत नाही," ती म्हणाली.

मी बाहेरच्या बाकावर पडले होते. शेवटची मांडणी, तळाचा कप्पा. हे शब्द माझ्या अंगावर उच्चारले गेले होते. पण माझ्या अंगावर उमटते ते फक्त हिम, आणि तेही आता वितळून ओघळले होते.

त्यांनी पहिल्या मांडणीपासून सुरुवात केली. सहा मांडण्या. प्रत्येक वेळी धातूचा आवाज, धुराचा लोट आणि डॉक्टरांचा प्रश्न, "आहे?" प्रत्येक वेळी मास्तर मान हलवत. पाचव्या मांडणीनंतर त्यांनी ती हलवणेही थांबवले. सहावीच्या तळाला, उरलेल्या दोन बोटे द्रवात बुडालेली एक डबी होती. तिला चिकटपट्टी लावलेली. काकूंचे गिचमिड अक्षर: ४१७. इथे. उद्या नोंद.

ती पिशवी मंगळवारी गेली. वरच्या कप्प्यांतल्या एक्केचाळीस पिशव्यांचा मात्र भरवसा उरला नाही. एक्केचाळीस आयांना कळवावे लागणार होते की तुम्ही दिलेले आम्हाला सांभाळता आले नाही. डॉक्टर स्वतः ती यादी घेऊन बसले.

त्याआधी ते बाहेर आले होते आणि लेकीसमोर हात जोडून म्हणाले होते, "तुम्ही आईचं बोलणं लक्षात ठेवलंत, म्हणून ती मुलगी वाचेल."

लेक आईचा चष्मा पुसत राहिली होती.

मित्रांनो, अशा गोष्टीच्या शेवटी आम्ही वस्तूंनी 'आम्हाला जपा' म्हणायचे असते. मला नका जपू. मी मोडले तर दुसरी पट्टी काळी रंगवता येईल. पण घरातले कुणी तेच तेच, कंटाळवाणे, आपल्या कामाचे काहीतरी सांगत बसले असेल, तर कान द्या. ते माणूस दुसऱ्यांदा रंगवता येत नाही.

त्या सोमवारी सगळे आत गेल्यावर लेक बाहेरच्या बाकावर बसली. तिने मला मांडीवर आडवी घेतली. मग ती टाक्यांकडे बघत मोठ्याने बोलली, समोर कुणी असावे तशी.

"आई, मला आठवत नाही असं नाहीये. मी ऐकलंच नव्हतं. टाकीला घाम म्हणालीस ना, त्याचं हसू आलं, तेवढंच कानात राहिलं. मग मी फोन टेबलावर ठेवला आणि नखं कापत बसले. मधे मधे हं म्हणत होते. नेहमीच तसं करायचे मी. तू खूप वेळ बोललीस. काय बोललीस, आई?"