सहा महिने धार न लावलेलं हत्यार

भाऊजींनी चामड्याची कड सोलायचं नवं हत्यार आणलं त्या दिवशी वहिनींनी ते हातातसुद्धा घेतलं नाही. लांबूनच मान वाकडी करून पाहिलं आणि म्हणाल्या, "छान आहे. कपाटात ठेवा, शोभेल."

पट्टे, बॅगांचे बंद आणि कुत्र्यांचे गळपट्टे बनवायचं त्यांचं घरचंच दुकान. पुढे काउंटरवर थोरले भाऊ, म्हणजे वहिनींचे यजमान. मागच्या खोलीत खिडकीखाली दोन टेबलं, एक वहिनींचं आणि एक धाकट्या दिराचं, म्हणजे भाऊजींचं. चामड्याची पट्टी कापली की तिची कड चौकोनी आणि टोचरी राहते. ती सोलून गोल करायची, मग ओल्या फडक्याने पुसून लाकडी दांडीने चकाकेपर्यंत घासायची. सोलायचं हत्यार वीतभर लांब, टोकाला डोळे बारीक केले तर दिसेल एवढी खाच. खाचेला धार असली की कडेची साल एका सलग दोऱ्यासारखी निघते. धार गेली की चामडं उंदरांनी कुरतडल्यासारखं दिसतं.

वहिनींचं हत्यार सासऱ्यांच्या वेळचं. दिवसातून दोनदा धार मागायचं आणि वहिनी ती कुरकुर न करता लावायच्या. भाऊजींना त्याच कामाचा मनापासून कंटाळा. नव्या हत्याराच्या खोक्यावर छापलं होतं, 'सहा महिने धारेची गरज नाही', आणि छापील अक्षरावर भाऊजींचा फार विश्वास.

चौथ्या दिवशी भाऊजी अजून यायचे होते. वहिनींच्या हत्याराची मूठ सैल झालेली, गळपट्टे तर दुपारपर्यंत द्यायचे. त्यांनी दाराकडे एकदा पाहिलं आणि शेजारच्या टेबलावरचं नवं हत्यार उचललं. ते मुठीत असं बसलं की जणू कुणी त्यांच्या हाताचं माप घेऊन बनवलंय. गळपट्टे तासाभरात झाले. शेवटच्याला मात्र घाई नडली. हत्यार तांब्याच्या रिव्हेटवर चढलं आणि खाचेचा एक कोपरा बोथट झाला.

कालपर्यंत ज्याची टिंगल केली, तेच चोरून वापरलं, वर बिघडवून ठेवलं. त्यांनी चामड्याच्या एप्रनची कड दुमडली, तिच्यावर पॉलिशची हिरवी कांडी फिरवली आणि खाच त्या कडेवरून ओढायला सुरुवात केली. ओढायची, उजेडात बघायची, पुन्हा ओढायची. भाऊजी आले तेव्हा हत्यार जागच्या जागी होतं आणि होतं त्यापेक्षा जास्त धारदार होतं.

"बघा वहिनी," पहिली पट्टी सोलून झाल्यावर भाऊजी म्हणाले, "चार दिवस झाले. लोण्यात चालल्यासारखं चालतंय."

"असेल," वहिनी म्हणाल्या.

इथेच थांबल्या असत्या तर गोष्ट संपली असती. पण दुसऱ्या दिवशी सकाळी हात आपोआप शेजारच्या टेबलाकडे गेला. वापरलेली वस्तू जशी घेतली तशी परत ठेवावी, एवढी रीत त्यांना होती, म्हणून रोज काम झालं की धार लावून ठेवायच्या. मग त्याचा नेमच झाला. भाऊजी साडेदहाला येत, तोवर वहिनींचं दिवसाचं निम्मं काम नव्या हत्यारावर उरकलेलं असे. यजमानांनी एकदा पडद्यातून डोकावून सगळं पाहिलं, "चहा ठेवतो," म्हणाले आणि त्या विषयात पुन्हा कधी पडले नाहीत.

सहा महिने झाले. हत्यार पहिल्या दिवसासारखंच चालत होतं. भाऊजींनी कंपनीला दोन पानी पत्र लिहिलं. कंपनीचा माणूस फोटोग्राफर घेऊन आला. पुढच्या माहितीपत्रकावर भाऊजी हत्यार छातीशी धरून उभे, आणि खाली त्यांचे शब्द: 'सहा महिन्यांत मी याला एकदाही धार लावली नाही.' वहिनींनी ते वाक्य दोनदा वाचलं. त्यात एक अक्षरही खोटं नव्हतं.

आता बोलायची सोय उरली नव्हती. सांगायचं तर आधी हे सांगावं लागलं असतं, की कपाटात शोभणारी वस्तू आपण रोज सकाळी चोरून वापरतो.

मग प्रदर्शन आलं. मोठ्या हॉलमध्ये कंपनीचं दालन, मध्यभागी उंच टेबल, त्यावर भाऊजींनी तीन दिवस पट्ट्या सोलायच्या. "हत्यार तुमचंच, तेच सहा महिन्यांचं," कंपनीचा माणूस म्हणाला. "फक्त रोज संध्याकाळी आम्ही ते काचेच्या पेटीत कुलूपबंद ठेवू. लोकांची खात्री पटते."

भाऊजींना ती कल्पना अतिशय आवडली. वहिनींना त्या रात्री जेवण गेलं नाही.

आपल्या मालाचा छोटा स्टॉल मांडायच्या निमित्ताने त्या तिन्ही दिवस एप्रन बांधून तिथे बसल्या. पहिला दिवस झकास गेला. दुसऱ्या दिवशी दुपारनंतर साल मध्येच तुटायला लागली. भाऊजी लोकांना म्हणाले, "हॉलमधली हवा कोरडी आहे." तिसऱ्या दिवशी सकाळी दोष चामड्याचा निघाला. अकराच्या सुमाराला टेबलाभोवती तीसेक कारागीर होते. त्यातला एक म्हातारा जीनवाला, घोड्यांच्या सामानात आयुष्य गेलेला, सोललेली पट्टी उचलून अंगठ्याने चाचपत होता. भाऊजींच्या कपाळावर घाम होता. त्यांनी जोर वाढवला, तसं चामडं गोळा होऊन हत्यारापुढे सरकायला लागलं.

वहिनींना ते बघवेना. हत्याराची फजिती झाली असती तर त्यांना हरकत नव्हती. पण दीर सगळ्यांसमोर लहान पोरासारखे गोंधळून गेले होते, आणि दोष त्यांचा नव्हता. त्या उठल्या.

"द्या भाऊजी. हाताला घाम आलाय तुमच्या, मूठ घसरतेय. पुसून देते."

त्यांनी हत्यार घेतलं, एप्रनची कड दुमडली आणि खाच तिच्यावरून पंधरा-वीस वेळा झरझर ओढली. हे सगळं बोलता बोलता, मुठीला फडकं लावत. हत्यार परत गेलं, भाऊजींनी पट्टीवर ठेवलं, आणि साल एका दोऱ्यात टेबलाच्या टोकापर्यंत निघाली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. एकट्या जीनवाल्याने वहिनींच्या एप्रनकडे पाहिलं, मिशीत हसला आणि ऑर्डर द्यायला रांगेत उभा राहिला.

परतताना टेम्पोत, मालाच्या खोक्यांवर दोघं समोरासमोर बसले होते.

"किती दिवसांपासून धार लावताय?" भाऊजींनी विचारलं.

"चौथ्या दिवसापासून."

"रोज?"

"सुट्टी सोडून."

"पण कशासाठी? मी म्हटलं होतं का धार लावा म्हणून?"

आता लपवून उपयोग नव्हता. वहिनींनी बाहेर बघत सांगून टाकलं, की मी ते वापरत होते, सकाळी, तुम्ही यायच्या आधी.

भाऊजींचा चेहरा बघण्यासारखा झाला. सहा महिन्यांचा डौल कोसळला, छापील शब्द फुसका निघाला, त्याचं त्यांना फार काही वाटलेलं दिसलं नाही. ते म्हणाले, "म्हणजे माझं हत्यार तुम्ही न विचारता वापरत होतात?"

"हो."

"आणि मला म्हणालात कपाटात ठेवा."

"चुकलं माझं," वहिनी म्हणाल्या. लग्न होऊन आल्यापासून हे शब्द त्यांनी या घरात पहिल्यांदाच उच्चारले होते. भाऊजींना ते इतके अनपेक्षित होते की पुढचं भांडण त्यांना सुचलंच नाही.

कंपनीचा माणूस मात्र हुशार; प्रदर्शनात वहिनींचा एप्रन त्याच्याही नजरेतून सुटला नव्हता. महिन्याभराने नवं माहितीपत्रक आलं. फोटो तोच, शब्द तेच, फक्त तळाशी बारीक अक्षरात एक ओळ वाढलेली: 'हत्यार अधूनमधून चामड्याच्या एप्रनवर पुसावे.' भाऊजींनी ती ओळ वहिनींना मोठ्याने वाचून दाखवली, जणू ती कुणी नवीनच शोधून काढली होती. दुसऱ्या दिवशी ते साडेनऊला आले, एप्रन बांधला आणि म्हणाले, "कसं पुसायचं ते दाखवा."

वहिनींनी दाखवलं. पहिल्या आठवड्यात भाऊजींनी एप्रनच कापून ठेवला. हळूहळू हात बसला. हल्ली रोज सकाळी वीस मिनिटं ते खिडकीशी उभं राहून खाच ओढतात, उजेडात बघतात, पुन्हा ओढतात. पुढून थोरले भाऊ विचारतात, "धार लावतोयस का रे?"

"नाही दादा," भाऊजी म्हणतात. "पुसतोय."

आणि वहिनी आपल्या टेबलावर पट्ट्या रचून, हात बांधून, त्यांचं पुसून होण्याची वाट बघत बसतात. आता हत्यार विचारून घ्यावं लागतं, आणि भाऊजी लगेच देत नाहीत.