चांगलं बोलायचीही चोरी

ओर्नेल्लानं पेन्सिल टेबलावर आपटली. "आई, सोपं आहे हो! ज्याच्याबद्दल बोलायचं ते उद्देश्य आणि त्याच्याबद्दल जे सांगायचं ते विधेय. 'लुका आजारी आहे.' यात विधेय कुठलं?"

तिच्या सासूबाईंनी, इन्कोरोनाताबाईंनी, अभद्र टळावं म्हणून झटकन शेगडीच्या लोखंडाला हात लावला. "माझ्या नातवाला आजारी पाडतेस?"

"पुस्तकातला लुका आहे हो तो!"

"नाव तेच ना?"

"बरं बाई. 'लुका देखणा आहे.'"

"आधी 'देव राखो' म्हण! दृष्ट लावतेस पोराला?"

आता काय बोलणार, कपाळ! वाईट बोललं तर ते खरं होतं आणि चांगलं बोललं तर दृष्ट लागते. मग माणसाबद्दल बोलायचं तरी काय? दिवसभर शाळेत पोरांपुढे घसा फोडायचा आणि घरी पुन्हा ही विद्यार्थिनी. पण अकराव्या वर्षी शाळेतून काढून तंबाखूच्या शेतावर धाडलेल्या या बाईला सत्तरीच्या आत आठवीचा दाखला हवाच होता. त्या ध्यासापुढे ओर्नेल्लाला नाही म्हणवेना. पंधरा वर्षांत सुनेला एकदाही बरं म्हटलं नव्हतं हिनं, ते सलायचं ते वेगळंच.

तोंडी परीक्षेला नातलगांना आत बसायची बंदी होती. जूनच्या उकाड्यानं दार मात्र उघडं होतं, म्हणून ओर्नेल्ला व्हरांड्यात कान देऊन उभी राहिली.

"'म्हातारा जिन्यावरून पडला.' विधेय सांगा," परीक्षक म्हणाले.

सासूबाईंनी झटकन खुर्चीच्या लोखंडी पायाला हात लावला.

"बाई?"

"असलं अभद्र मी तोंडातून काढायची नाही."

बाहेर ओर्नेल्लानं डोक्याला हात लावला. गेला दाखला!

परीक्षकांनी सुस्कारा सोडला. "मग तुमचंच एखादं वाक्य करा. माणसाचं नाव हवं, विधेय हवं. खरंच असलं पाहिजे असं नाही, खोटंही चालेल."

बाहेर सून दाराच्या आणखी जवळ सरकली.

"ओर्नेल्ला," सासूबाई अखेर म्हणाल्या, "ओर्नेल्ला मनानं फार चांगली आहे. उद्देश्य ओर्नेल्ला. बाकी सगळं विधेय."

पास होऊन बाई बाहेर आल्या, तर सून डोळे पुसत होती आणि संतापलीही होती.

"पंधरा वर्षं वाट पाहिली मी! आणि चांगला शब्द निघाला तो कशासाठी, तर दाखल्यासाठी!"

"दाखल्याला खोटं वाक्यही चाललं असतं," सासूबाई म्हणाल्या. "ऐकलंस ना तू?"