कायमसर शेवटच्या बाकावर

कायमसरांना शाळेतून काढता येत नव्हतं. भूकंप झाला असता तर इमारत पडली असती, सर राहिले असते. नोकरीत कायम झाले त्या दिवशी त्यांनी हातातला खडू खाली ठेवला, तो पुन्हा उचलला नाही. वर्गात येऊन म्हणायचे, "चला, गणितं मनातल्या मनात सोडवा. आवाज नको." मग डोळे मिटून देखरेख करायचे.

नव्या मुख्याध्यापिका मॅडम त्यांच्याच हाताखालून गेलेल्या. त्यांना विमानाची इंजिनं बनवायची होती. गणितात दोनदा आपटल्या आणि भाषा शिकवत शिकवत या खुर्चीपर्यंत आल्या. डोक्यावरून विमान गेलं की अजूनही त्यांचे दात आवळले जायचे.

खुर्चीत बसल्या बसल्या त्यांनी नियम धुंडाळले. सरांना हात लावायची सोय नव्हती. मग त्यांनी सातवीच्या तुकड्या पाडल्या. 'अ'ला गणित शिकवायला एक हंगामी बाई. नोकरीचा भरवसा नाही, पण शिकवायच्या जीव ओतून. 'ब'ला कायमसर. आणि त्याच वर्षी सातवीत आलेल्या सरांच्या नातीला मॅडमनी मोठ्या प्रेमाने 'ब'मध्ये टाकलं.

दुसऱ्याच दिवशी सर हजर.

"अगं... म्हणजे मॅडम, आमच्या छकुलीला 'अ'मध्ये घ्या ना."

"का सर? 'ब'ला तर घरचेच गुरुजी आहेत."

"म्हणून तर म्हणतोय!"

सरांनी जीभ चावली. मॅडमना इतका आनंद झाला की त्यांनी स्वतः उठून पंखा वाढवला.

"बाकीच्या पोरांचे आजोबा इथे नोकरीला नाहीत, हा त्यांचा गुन्हा का?"

"एवढं वर्ष सांभाळून घ्या. लेकरू हुशार आहे हो."

"मीही होते."

सरांनी टेबलावरचा पेपरवेट उगाच इकडचा तिकडे सरकवला.

"छकुली 'अ'मध्ये जाईल," मॅडम म्हणाल्या, "पण तिच्याबरोबर अख्खी तुकडी जाईल. आणि तुम्हीही. ती पहिल्या बाकावर, तुम्ही शेवटच्या."

"मी? अहो, मी कायम आहे!"

"आहातच की. पगारही पूर्ण. तुम्हाला काढता येत नाही, एवढंच नियमात आहे. कुठे बसवायचं ते नाही."

सोमवारी सभागृहात दोन्ही तुकड्या एकत्र बसल्या. सरांचे गुडघे बाकात मावेनात. हंगामी बाईंनी फळ्यावर गणित मांडलं, अर्ध्याला पावाने भागा, आणि सवयीने मागच्या बाकाकडे बोट दाखवलं.

सर उभे राहिले. "एक अष्टमांश."

पोरं खिदळली. छकुलीने मागे वळून हळूच दोन बोटं दाखवली.

"पुढे बघायचं!" दारातून मॅडमचा आवाज आला.

हंगामी बाई कावऱ्याबावऱ्या झाल्या. "मॅडम, बसू दे ना त्यांना. वय झालंय."

"बसतील की. उत्तर आल्यावर."

तास संपायला अजून बराच वेळ होता. मॅडमनी शिपायाला सांगून स्वतःसाठी खुर्ची मागवली.