लवंगांवरचं कुंकू

माझं डोकं चटकन तापतं, हे सगळ्या छत्रीबागेला ठाऊक आहे. पण त्या दिवशी चूक माझीच होती. तापणार कुणावर?

माझी बायको शालिनी गेल्यापासून घरात मी एकटाच भांडायचो, तेही टीव्हीशी. मग आमची लेक उर्वी पुण्याची नोकरी सोडून इंदुरात आली आणि तिने मसाल्यांचं काम काढलं. इथे लौंग सेव, म्हणजे लवंग घातलेली तिखट शेव, घरोघरी लागते, म्हणून तिने मादागास्करहून लवंगा मागवल्या. पहिलाच माल. तपासणीत पास झाला तर इथेच राहीन, नापास झाला तर पुण्याला परत जाईन, असं तिने मला स्वच्छ सांगून टाकलं होतं.

इंदूरबाहेर राऊ गावाच्या पुढे कंटेनर डेपो आहे. समुद्र नसला म्हणून काय झालं, परदेशातून आलेला खायचा माल इथेही तपासल्याशिवाय सोडत नाहीत. अधिकारी कागद बघतो, पोत्यांवरची लेबलं बघतो, नमुने सील करून लॅबला पाठवतो. तिकडून हिरवा कंदील मिळेपर्यंत माल कुलपात.

आता आम्ही म्हणजे नवी स्कूटरसुद्धा पूजेशिवाय न चालवणारे लोक. उर्वी कागद घेऊन ऑफिसात गेली आणि इकडे हमालाने कंटेनरचं दार उघडलं. मी खिशातली पुडी काढून पुढच्या पाच पोत्यांना ऐसपैस हळदकुंकू वाहिलं, अक्षता टाकल्या, हात जोडले. मन कसं भरून आलं होतं.

तेवढ्यात उर्वीबरोबर अधिकारी आला. विक्रमजी, तिशीचा असेल. त्याने पोत्यावर बोट फिरवलं. बोट लाल.

"अंकलजी, ये रंग कहाँ से आया?"

उर्वीचा चेहरा पांढराफटक पडला. लवंगांत वरून रंग मिसळलाय असं ठरलं तर माल आल्या पावली परत जातो, नाहीतर नष्ट करतात. हमालावर ढकलणं सोपं होतं, पण तेवढा नालायक मी नाही.

म्हटलं, "साहेब, मीच वाहिलंय. पोरीचा काही दोष नाही. लिहून घ्या माझ्याकडून."

त्याने खरंच लिहून घेतलं. ती पाच पोती बाजूला काढली, बाकीच्यांतून नमुने घेतले आणि माझी पुडीसुद्धा जप्त केली.

पाच दिवस उर्वी माझ्याशी बोलली नाही. पोहे पुढ्यात ठेवायची आणि निघून जायची. मी मुकाट खायचो. मुकाट, मी!

सहाव्या दिवशी दुपारी तिचा फोन वाजला. तिने स्क्रीन वाचली आणि फोन माझ्यापुढे धरला. माल पास. कुंकू वरच्या गोणपाटापुरतंच होतं, म्हणून ती पाचही पोती गोणपाट बदलून सुटणार होती. मी आनंदाने ढसाढसा रडलो, लाजायचं काय त्यात? उर्वीही रडता रडता हसत सुटली.

मग डोळे पुसत तिने विचारलं, "बाबा, खरं सांगा, देवाकडे मागितलं तरी काय? माल पास होऊ दे, हेच ना?"

"छे. पोरीला इथेच ठेव, एवढंच."

तिने हातातला फोन खाली ठेवला.

"मग मलाच सांगायचं ना. तुम्ही एकदा जरी राहा म्हणाला असतात, तर माल परत गेला असता तरी मी राहिले असते."