स्वखुशीने

तिने कागद स्वतःकडे ओढला, पेनाला मात्र हात लावला नाही.

“नुसती औपचारिकता आहे, ताई,” समोरचा अधिकारी म्हणाला. आवाज इतका गोड, की मुंग्या लागाव्यात.

बाटल्यांच्या कारखान्यात ती सतरा वर्षं तपासनीस होती. दिव्यापुढे बाटली धरायची आणि काचेतला तडा शोधायचा. आता तिचा विभागच बंद होत होता. कागदही तिने त्याच सवयीने, सावकाश वाचला. ‘मी स्वखुशीने नोकरी सोडत आहे.’ त्याखाली, ‘एकूण नोकरी: तीन वर्षं.’

“तीन कशी?”

“रेकॉर्डला तेवढीच दिसतात. सगळ्यांचं तसंच आहे.”

दाराशी मास्तर उभे होते. विभागातल्या सगळ्याजणींना काम त्यांनीच शिकवलं होतं. हल्ली ते रोज या खोलीत दिसत, आणि त्यांनी समजावलं की बायका मुकाट सह्या करत.

“करून टाक सही,” मास्तर म्हणाले. “पदरात पडतंय ते घे. उगाच ताणू नकोस.”

बोलताना त्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही. पाणी कुठे मुरतंय, ते तिला कळलं.

“घरी विचारून सांगते,” म्हणत ती उठली. अधिकाऱ्याने कागद चटकन ओढून घेतला.

फाटकाबाहेर मागून चपला फटफटल्या. ती थांबली नाही. मास्तरांनी धापा टाकत तिला गाठलं आणि काखेतली जड पिशवी पुढे केली.

“काय आहे?”

“हजेरीची कार्डं. जुनी सगळी रद्दीत काढली होती. मी उचलून ठेवली.”

“आत तर सही कर म्हणालात!”

“आत तो ऐकत होता.”

“बाकीच्यांनाही तेच सांगितलंत ना? आणि तुमची सही?”

मास्तर चपलेने एक खडा सरकवत राहिले. “पहिल्याच दिवशी केली. घाबरलो.”

तिने पिशवी घेतली, पण तिचा विश्वास बसला नाही. उद्या चोरीचा आळ आपल्यावरच यायचा. घरी दार लावून तिने कार्डं जमिनीवर मांडली, एकेक शिक्का खिडकीच्या उजेडाला धरून पाहिला. शाई जुनीच होती. पहिल्या महिन्यात तिचे दोन खाडे लागले होते. बहिणीला बाळ झालं तेव्हाचे. ती स्वतःही ते विसरली होती.

विभागातल्या तेवीसजणींची सगळी कार्डं होती. मास्तरांचं मात्र एकही नव्हतं. तिने पिशवी उलटी करून झटकली, मग कार्डं पुन्हा नीट रचून आत भरली.

सकाळी ती शेजारच्या टेबलावरच्या मैत्रिणीला घेऊन कामगार कार्यालयात गेली. तिथल्या बाईंनी कार्डं उलटून पाहिली.

“सलग सतरा वर्षं. मग भरपाईही सतरा वर्षांचीच मागायची. अंधारात ठेवून सह्या घेतल्या असतील, तर तेही अर्जात लिहू. किती जण आहात? तेवीस?”

“चोवीस,” ती म्हणाली, आणि मास्तरांचं नाव सांगितलं.

मैत्रिणीने तिला कोपराने ढोसलं. “त्यांचं कशाला? ते तर साहेबांचेच झालेत.”

“यांचं कार्ड दिसत नाही,” बाई म्हणाल्या.

“नाहीच आहे,” ती म्हणाली. “पण लिहा. मी कामाला लागले, तेव्हा ते होतेच. मी सांगेन तसं.”