फवाऱ्यातली खळ

दुपारी साडेचारला धाकट्या सुनेने गिऱ्हाइकाच्या काळ्या कोटावर पांढरी खळ ओकली.

घरचं दुकान इस्त्रीचं. सुनेला सातवा महिना आणि घरात दिवस मावळेपर्यंत निर्जळी उपास. दवाखान्यातल्या नर्सने बजावलं होतं, "पाणी तोडू नकोस. बाळाची हालचाल कमी वाटली तर उपास मोडून तडक ये." धर्मातल्या जाणत्यांनीही गरोदर बाईला मोकळीक दिलेली. सासूचं उत्तर तयार होतं, "मोकळीक मागायचीही लाज वाटायला हवी. मी तिन्ही पोरांच्या वेळी थेंब घेतला नाही."

मग सुनेने तोड काढली. कपड्यांवर पाणी मारायचा फवारा हातातच असायचा. सासूची पाठ वळली की दोन फवारे शर्टावर, एक जिभेवर. सकाळ निभावली.

पण सासूचा जन्म इस्त्रीत गेलेला. एवढ्याशा कपड्यांना एवढं पाणी लागत नाही, हे तिने ओळखलं. सून न्हाणीत गेल्यावर फवाऱ्यात कपडे कडक करायची खळ भरून ठेवली.

"कशी लागली?" आता सासूने विचारलं. "नातू कडक इस्त्रीचा होणार बघ."

मोठी जाऊ खो खो हसली. "तरी म्हटलं, उपासात हिचे ओठ ओले कसे!"

सुनेने टेबल घट्ट धरलं. "आई, दुपारपासून बाळ हललं नाही. पाणी द्या."

"तुझ्यापेक्षा शहाणं आहे ते. उपास पाळतंय."

नवरा कोट पुसत होता. मान वर न करता म्हणाला, "दिवस मावळायला कितीसा वेळ राहिलाय? आधी हा डाग निघू दे. वकीलसाहेब येतील."

सून नळापाशी गेली. सासूने पाणी वरूनच बंद केलं होतं. ती चपलाही न घालता बाहेर पडली.

दवाखाना पुढच्याच गल्लीत. नर्सने आधी पाणी पाजलं, डाव्या कुशीवर निजवलं, मग पोटावर यंत्र ठेवलं. नुसती खरखर. तिने जागा बदलली. पुन्हा खरखर.

"ठोके लागतायत ना?" सुनेने विचारलं.

"बोलू नकोस, ऐकू दे," नर्स म्हणाली आणि दारातून डॉक्टरांना हाक मारली.

डॉक्टर आत गेले तेव्हा नवरा आणि सासू बाहेरच्या बाकावर येऊन बसले होते. दिवस मावळला. सासूने पिशवीतून पाण्याची बाटली काढली, आधी मुलाला दिली, मग स्वतः प्यायली.

दार अजून बंद होतं.