दोन हाका

मी कानाचं मशीन. ऐकणं हा माझा धंदा. बोलतोय आज पहिल्यांदाच.

माझे मालक लाकडाच्या वखारीत एकतीस वर्षं करवतीच्या यंत्रापाशी उभे होते. करवतीनं बोटं शाबूत ठेवली, कान मात्र नेले. ते निवृत्त झाले, तेव्हा लेकीनं मला आणलं.

पहिल्याच दिवशी ते स्वयंपाकघराच्या दारात थबकले. त्यांची बायको, म्हणजे आमच्या बाई, भांडी घासताना गुणगुणत होत्या.

"तू कधीपासून गातेस?"

"लग्न झाल्यापासून," बाई म्हणाल्या. "चला, आता तुमच्या पाठीमागे बोलायची सोय गेली!"

दोन वर्षं मी त्या घरातलं सगळं ऐकलं. शिंका, कुरबुरी, शेजारणीची गाऱ्हाणी. सुखाचे दिवस होते असं आता म्हणता येईल. तेव्हा ते नुसते दिवस होते.

मग एका मंगळवारी मालक दाढी करायला बसले. मला काढून कपाटावर ठेवलं, बंद करायचं राहून गेलं. आत बाई वरच्या फळीवरचा डबा काढायला स्टुलावर चढल्या. स्टूल कलंडल्याचा आवाज आला. मग, "अहो." थोड्या वेळानं पुन्हा, अगदी हळू, "अहो, येता का जरा?"

मी ऐकलं. मला तेवढंच येतं. मालकांनी दाढी पुरी केली, गाल पुसले आणि मग ते आत गेले.

डॉक्टर म्हणाले, डोक्याला मार लागून बाई गेल्या, त्यांना काही कळलंही नसेल.

"बाबा, आईनं हाक मारली होती का?" लेकीनं विचारलं.

"मला काय ऐकू येणार?"

ते रडले नाहीत. वेळेवर दूध घेत, अंथरुणाची घडी घालत. मी कानात असे, पण सेल संपलेला. कुणी काही बोललं, की "हो, हो." लोक म्हणत, किती सावरलेत!

चार महिन्यांनी लेकीच्या ध्यानात आलं. तिनं नवा सेल घातला.

"ऐकू येतंय?"

"येतंय. नळ गळतोय."

"प्लंबरला बोलावते."

"बोलाव. पण आधी तू बोल काहीतरी. काहीही."

तिला बापाशी बोलायची सवय कुठे होती? शेवटी तिनं ओट्यावरचा साबणाच्या पावडरीचा पुडा उचलला आणि त्यावरच्या सूचना मोठ्यानं वाचू लागली. पांढरे कपडे वेगळे भिजवा. अर्धा तास थांबा.

"पुढे?" मालक म्हणाले.

माझी वर्ष-दोन वर्षं उरली असतील. त्या दोन हाका माझ्याबरोबरच जातील. मालकांना त्या कळणार नाहीत, तेच बरं. आता मला मोकळं करा. पुड्याची दुसरी बाजू वाचायची राहिली आहे, मला ऐकायला हवं.